बिल एव्हान्सचा संग्रह: सुरुवात जोडीदारांपासून करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नाशिकरोडला गायनाच्या साथीला पेटी वाजवता. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममुळे पियानोवादक बिल एव्हान्सची ओळख झाली, पुढे त्याच्या त्रिकूटाची न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या जॅझ क्लबमधील १९६१ ची ध्वनिमुद्रणे ऐकलीत, आणि आता त्याच्या अल्बमांचा, विशेषतः दोनच कलाकारांनी मिळून केलेल्या अल्बमांचा, नीट संग्रह करायचा आहे. कशापासून सुरुवात करावी, एलपी घ्यावी की सीडी, आणि ख्याल ऐकणाऱ्या मित्रमंडळींना यातले काय ऐकवावे, असे आपण विचारले आहे. जॅझच्या तबकड्या जमवणे आणि मागेल त्याला त्या ऐकवणे हे काम मी इथे नाशिकमध्येच अनेक वर्षे करीत आलो आहे, त्यामुळे उत्तर सविस्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे संग्रह कालक्रमाने करू नये आणि मोठे संच आधी विकत घेऊ नयेत. एव्हान्सचा जन्म १९२९ चा आणि मृत्यू १९८० चा. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम त्याने १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित केला आणि त्यानंतर अखेरपर्यंत तो सतत वाजवीत राहिला. रिव्हरसाइड कंपनीसाठी केलेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणांचा संच बारा सीडींचा आहे, व्हर्व्ह कंपनीचा अठरा सीडींचा आणि फँटसी कंपनीचा नऊ सीडींचा. हे संच अभ्यासकाच्या कामाचे आहेत. नवा श्रोता मात्र पहिल्या चार सीडी ऐकतो, पुढे सगळे सारखेच वाटू लागते, आणि संच कपाटात जातो. असे होताना मी अनेकदा पाहिले आहे. एव्हान्सच्या वादनात वर्षांपेक्षा जोडीदार अधिक फरक घडवतो. समोर गिटार आहे, डबल बेस आहे, गाणारा माणूस आहे की कुणीच नाही, त्यानुसार त्याचा हात बदलतो. म्हणून संग्रह जोडीदारांच्या क्रमाने करावा, आणि आपल्या बाबतीत ही वाट अधिकच योग्य आहे, कारण साथ करताना दुसऱ्याचे ऐकत ऐकत वाजवणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

सुरुवात ‘अंडरकरंट’पासून करावी. गिटारवादक जिम हॉलसोबतचा हा अल्बम १९६२ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ध्वनिमुद्रित झाला आणि युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने तो प्रसिद्ध केला. त्याची पार्श्वभूमी ठाऊक असावी. २५ जून १९६१ च्या रविवारी, दुपारच्या दोन आणि रात्रीच्या तीन बैठकींत, व्हॅनगार्डची ती ध्वनिमुद्रणे झाली, आणि त्यानंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, त्रिकूटातील बेसवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. तो पंचवीस वर्षांचा होता. एव्हान्सने त्यानंतर काही महिने वाजवणे जवळजवळ थांबवले. ‘अंडरकरंट’ त्या खंडानंतरच्या पहिल्या काही कामांपैकी आहे, आणि त्यात बेसही नाही, ड्रम्सही नाहीत.

बेस नसणे ही इथे केवढी मोठी गोष्ट आहे, हे पेटीवाल्याला लवकर कळेल. एव्हान्सच्या डाव्या हाताची खासियत अशी की तो स्वरसंघाचा (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीचा, म्हणजे कॉर्डचा) मूळ स्वर बहुधा वाजवतच नाही. त्या क्षणाच्या मूळ स्वराला षड्ज मानले, तर तो षड्ज सोडून गंधार आणि निषाद धरतो, त्यांच्याजवळ ऋषभ किंवा धैवत ठेवतो, आणि खालचा षड्ज बेसवादकावर सोपवतो. त्यामुळे त्याचा पियानो हलका, जमिनीपासून थोडा वर उचललेला वाटतो. बेसवादकच नसेल तर ती जमीन दोघांपैकी कुणीतरी पुरवावी लागते. शिवाय गिटार आणि पियानोच्या मधल्या सप्तकांचा प्रदेश एकच आहे आणि दोन्ही वाद्ये स्वरसंघ वाजवू शकतात, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी मोकळेपणाने वाजवले तर नुसता गलका होईल. या जोडीच्या अल्बमांत तो होत नाही. कोण केव्हा किती वाजवणार नाही, हे दोघांनी कसे ठरवले असेल, याचा विचार करीत मी हा अल्बम आजही ऐकतो.

पहिलीच रचना ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ आहे. हे गीत बहुतेक जण संथ लयीत घेतात. या दोघांनी ते द्रुत लयीत घेतले आहे. एव्हान्सचे एकल वादन सुरू झाले की हॉल काय करतो तिकडे पूर्ण लक्ष द्यावे. तो चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर एक आटोपशीर झंकार देतो आणि ड्रम्स व बेस या दोघांचेही काम एकटा उचलतो. हॉलची पाळी आली की एव्हान्स तसे काही करायला जात नाही. तो तुटक, आडवे स्वरसंघ टाकतो आणि मध्ये मोकळी जागा ठेवतो. लय कुणीही मोठ्याने सांगत नाही, तरी ती एका क्षणासाठीही हलत नाही. मग पुढच्या रचनांकडे वळावे. ‘रोमेन’ ही हॉलची स्वतःची रचना आहे. ‘स्केटिंग इन सेंट्रल पार्क’ जॉन लुइसची आहे. त्याने १९५९ मध्ये एका चित्रपटासाठी संगीत केले होते, त्यातली ही सुरावट, आणि त्या ध्वनिमुद्रणात एव्हान्स आणि हॉल दोघेही वाजवायला होते. तीन मात्रांची ती साधी चाल इतक्या कमी स्वरांत त्यांनी मांडली आहे की पहिल्यांदा ऐकताना त्यात काही घडतच नाही असे वाटते. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मत बदलते, हा माझ्याकडे ऐकायला येणाऱ्या मंडळींचाही अनुभव आहे.

सीडीच्या आवृत्त्यांत मूळ सहा रचनांखेरीज आणखी काही वादने जोडली आहेत, त्यांत ‘माय फनी व्हॅलेंटाइन’चे दुसरे वादनही आहे. ते अवश्य मिळवावे. दोन्ही वादने एकापाठोपाठ ऐकली की काय ठरलेले होते आणि काय त्या क्षणी सुचले ते वेगळे काढता येते. ख्यालाचा श्रोता एकच बंदिश दोन मैफलींत ऐकून जे शिकतो, तेच इथे अर्ध्या तासात हाती लागते.

याच जोडीचा दुसरा अल्बम ‘इंटरमॉड्युलेशन’, १९६६ चा, व्हर्व्ह कंपनीचा. तो अधिक शांत आहे, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर घ्यावा. त्यातील ‘टर्न आउट द स्टार्स’ महत्त्वाची. त्याच वर्षी एव्हान्सचे वडील वारले, आणि न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधील कार्यक्रमात त्याने त्यांच्या स्मरणार्थ जी एकल रचनामालिका वाजवली, तिच्यातला हा एक भाग होता. टाउन हॉलचे एकल वादन आणि जिम हॉलसोबतचे हे वादन शेजारी ठेवून ऐकावे. एकटा असताना तो त्या रचनेत खोल उतरत जातो. हॉल सोबत असताना तीच रचना कुणालातरी सांगितल्यासारखी मोकळी होते.

एका रचनेचा असा माग काढत जाणे ही संग्रह वाढवण्याची मला सर्वांत फलदायी वाटलेली पद्धत आहे, म्हणून आणखी एक उदाहरण देतो. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही एव्हान्सने आपल्या पुतणीसाठी केलेली रचना. १९५६ च्या ‘न्यू जॅझ कन्सेप्शन्स’मध्ये ती एकट्या पियानोवर, अगदी छोटीशी आहे. १९६१ मध्ये व्हॅनगार्डला ती लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशियनसोबत येते. १९६४ मध्ये स्वीडिश गायिका मोनिका झेटरलुंड ती स्वीडिश शब्दांत गाते, आणि १९७५ मध्ये अमेरिकी गायक टोनी बेनेट जीन लीझच्या इंग्रजी शब्दांत. हे चार टप्पे जवळ असतील तर त्या माणसाची एकोणीस वर्षे ऐकता येतात आणि त्यासाठी एकही संच विकत घ्यावा लागत नाही.

बेनेटचे नाव निघालेच आहे, तर त्या दोन अल्बमांबद्दल. पहिला जून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे फँटसीच्या स्टुडिओत झाला, दुसरा, ‘टुगेदर अगेन’, १९७६ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन पुढल्या वर्षी बेनेटच्या स्वतःच्या कंपनीकडून आला. दोन्हींत फक्त आवाज आणि पियानो आहे. पेटीवाल्यासाठी हे अल्बम म्हणजे साथीचा पाठच आहे, आणि आपण जे शिकला आहात त्याच्या अगदी उलट बाजूचा. आपल्याकडे पेटी गायकाच्या स्वराचा माग घेत जाते. एव्हान्स बेनेटची सुरावट बहुतेक वेळा वाजवतच नाही. तो तिच्याखाली एक हलती जमीन तयार करतो आणि गायकाने श्वास घेतला की त्या जागेत उत्तर ठेवतो. ‘सम अदर टाइम’ आणि ‘यंग अँड फूलिश’ या दोन रचनांत शब्द संपल्यानंतरची पहिली दोन आवर्तने नीट ऐकावीत. काही जाणकार या अल्बमांकडे लोकप्रिय गाण्यांचे म्हणून दुर्लक्ष करतात. माझ्या मते ते चुकते. गाण्याचा अर्थ एव्हान्सला किती कळत होता याचा इतका उघड पुरावा दुसरीकडे नाही. दोन्ही अल्बम आणि न वापरलेली वादने एकत्र असलेली २००९ ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी.

बेसवादक एडी गोमेझ १९६६ पासून १९७७ पर्यंत एव्हान्सबरोबर होता. त्या दोघांचेच म्हणून दोन अल्बम आहेत: १९७४ मध्ये स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला ‘इंट्यूशन’ आणि १९७५ च्या मॉन्ट्रो महोत्सवातला ‘मॉन्ट्रो थ्री’. इथे खालचा षड्ज पुन्हा बेसकडे गेलेला असतो, पण गोमेझ तो धरून बसत नाही, वरच्या सप्तकात शिरून पियानोशी बरोबरीने बोलतो. काही श्रोत्यांना त्याचा स्वर जास्त चढा आणि बोलघेवडा वाटतो. मलाही काही रचनांत तसे वाटते. ‘इंट्यूशन’मध्ये एव्हान्सने काही ठिकाणी फेंडर ऱ्होड्स हा विजेवरचा पियानो वाजवला आहे, तोही सर्वांना रुचत नाही. तरी त्या अल्बमातील ‘हाय लिली, हाय लो’ चुकवू नये. गोमेझ आपल्याला आवडलाच तर जून १९६८ मध्ये जर्मनीत ध्वनिमुद्रित झालेला आणि तब्बल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सम अदर टाइम’ याच नावाचा अल्बम घ्यावा. त्यात जॅक डिजॉनेट ड्रम्सवर आहे, पण अनेक रचनांत फक्त दोघेच आहेत.

एव्हान्सने स्वतःशीच वाजवलेला ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ’, १९६३ चा, मी मुद्दाम नंतर सांगतो आहे. त्यात त्याने एकावर एक तीन पियानो ध्वनिमुद्रित केले. त्या अल्बमाला ग्रॅमी मिळाले. कौशल्य थक्क करणारे आहे, पण तीन पियानोंची दाटी नव्या कानाला थकवते. आधी ‘एन.वाय.सी.ज नो लार्क’ ही एकच रचना ऐकावी. त्याच वर्षी जानेवारीत गेलेल्या पियानोवादक सॉनी क्लार्कच्या नावातील अक्षरे फिरवून तिचे नाव केले आहे आणि ती शोकाचीच रचना आहे. मॅरियन मॅकपार्टलंडच्या ‘पियानो जॅझ’ या रेडिओ कार्यक्रमात १९७८ मध्ये एव्हान्स आला होता, त्याचेही ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. दोन पियानोंवर दोघे वाजवतात आणि मध्ये तो आपली विचारपद्धती वाजवून दाखवीत समजावतो. वादकाने ते ऐकलेच पाहिजे.

आता एलपी की सीडी. पियानोला कंप नसतो. पट्टी दाबली की स्वर सरळ उभा राहतो. त्यामुळे तबकडीचे मधले भोक जरासे बाजूला पडले असेल तर पियानोचा लांब स्वर हेलकावताना लगेच ऐकू येतो. गाण्याच्या तबकडीत तोच दोष आवाजाच्या आंदोलनात लपून जातो. दुसरे असे की या युगलवादनांत ड्रम्स नाहीत, शांततेच्या जागा पुष्कळ आहेत, आणि तबकडीवरची प्रत्येक करकर त्या जागांत उघडी पडते. तिसरे, तबकडीच्या मध्याकडे जाताना सुई कमी लांबीच्या खाचेत तेवढेच संगीत वाचत असते, म्हणून प्रत्येक बाजूची शेवटची रचना थोडी दबते. ‘अंडरकरंट’मध्ये हा फटका ‘ड्रीम जिप्सी’ आणि ‘डार्न दॅट ड्रीम’ या दोन सर्वांत हळुवार रचनांना बसतो. म्हणून हॉल आणि बेनेट यांच्यासोबतचे अल्बम सीडीवर घ्यावेत आणि एलपीचे पैसे व्हॅनगार्डच्या ध्वनिमुद्रणांवर खर्च करावेत. तिथे पेल्यांचा आवाज, लोकांचे बोलणे हे सगळे मुळातच आहे, त्यात सुईची थोडी कुरकुर सहज खपून जाते. व्हॅनगार्डचा तीन सीडींचा पूर्ण संच २००५ मध्ये आला. त्यात ‘ग्लोरियाज स्टेप’च्या पहिल्या वादनात वीज गेल्यामुळे पडलेला खंडही तसाच ठेवला आहे. तो संच मात्र अवश्य घ्यावा, कारण एका दिवसाचे संपूर्ण काम क्रमाने ऐकायला मिळते.

स्वस्त एलपींपासून सावध राहावे. १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क युरोपात संपलेले असल्याने ‘अंडरकरंट’सारख्या अल्बमांच्या पुष्कळ आवृत्त्या तिथे निघतात, आणि त्यांतल्या बऱ्याच मूळ टेपवरून नव्हे तर एखाद्या सीडीवरूनच कापलेल्या असतात. वेष्टनावर मूळ टेपचा उल्लेख नसेल तर तेच पैसे सीडीवर घालावेत. आपल्याकडच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चीही आवृत्ती तपासावी. पहिल्या सत्रात टेपयंत्र किंचित हळू चालल्यामुळे पहिल्या बाजूच्या तीन रचना कित्येक वर्षे मूळपेक्षा थोड्या चढ्या स्वरात विकल्या गेल्या. १९९२ च्या आवृत्तीत ती चूक प्रथम दुरुस्त झाली. आपण पेटी जुळवून त्यासोबत वाजवून पाहिली असेल आणि स्वर जमला नसेल, तर दोष कदाचित पेटीचा नसेल. त्याच बाजूच्या ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये पियानोवर एव्हान्स नसून विंटन केली आहे, हेही लक्षात असू द्यावे.

नाशिकमध्ये या तबकड्या सहजासहजी मिळत नाहीत. जुन्या वाड्यांतून निघतात त्या नाट्यसंगीताच्या आणि चित्रपटांच्या. देवळालीच्या जुन्या बंगल्यांतून कधी पाश्चात्त्य तबकड्या येतात, पण त्या बहुधा नृत्यसंगीताच्या असतात. पूर्वी पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये दिवस घालवता येत असे. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. आता मुख्य मार्ग परदेशातून मागवण्याचा, आणि त्यात टपालखर्च व जकात धरून किंमत ठरवावी. एकेक सीडी मागवण्यापेक्षा तीन-चार जणांनी एकत्र मागवणे परवडते. आल्यावर तबकड्या उभ्याच ठेवाव्यात. पावसाळ्यात इथल्या दमटपणाने कागदी आतली पाकिटे बुरशी धरतात, म्हणून ती बदलून चांगल्या प्लास्टिकच्या अस्तराची घ्यावीत. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नये.

राहिला प्रश्न मित्रमंडळींचा. ख्यालाच्या श्रोत्याला ‘हे त्यांचे आलाप-ताना’ असे सांगून ऐकवू नये. मग तो राग शोधत बसतो आणि स्वरसंघ बदलला की बिथरतो. आधी मूळ गीत गाऊन किंवा ऐकवून दाखवावे, कारण एव्हान्सचे बहुतेक वादन एखाद्या गाण्याच्या ठराविक लांबीच्या चौकटीवर फिरत असते, आणि ती चौकट कानात बसली की श्रोता समेची वाट पाहावी तशी तिच्या आरंभाची वाट पाहू लागतो. गायकांच्या घोळक्यात बेनेटपासून सुरुवात करावी. तबलजी असेल तर ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ लावावे आणि हॉलच्या झंकारावर मात्रा मोजायला सांगाव्यात. सतार किंवा सरोद वाजवणाऱ्यांना गोमेझ लवकर भावतो असे मला आढळले आहे. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त रचना लावू नयेत, आणि त्यांपैकी एक लगेच दुसऱ्यांदा लावावी.

हे सगळे पचल्यावरही कुणी आणखी मागितले, तर एव्हान्सच्याच नवव्या-दहाव्या अल्बमाकडे न जाता दुसऱ्या पियानोवादकाकडे वळावे. सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि पियानोवादक केनी बॅरन यांचा ‘पीपल टाइम’ मार्च १९९१ मध्ये कोपनहेगनच्या कॅफे मोंमार्त्रमध्ये ध्वनिमुद्रित झाला. गेट्झ तेव्हा कर्करोगाने खंगलेला होता आणि जूनमध्ये तो गेला. बॅरनचा डावा हात एव्हान्सपेक्षा भारदस्त आहे, खालचा षड्ज तो स्वतःच भरतो, आणि गेट्झचा श्वास कमी पडतो तिथे तो वादन आपल्याकडे घेतो. आपल्या पहिल्या मागणीत मात्र ‘अंडरकरंट’, बेनेटसोबतची २००९ ची आवृत्ती आणि व्हॅनगार्डचा संच एवढेच असू द्यावे, आणि ‘इंटरमॉड्युलेशन’ दुसऱ्या मागणीसाठी ठेवावा.